एडीएचडी असलेल्या मुलाला सकाळी वेळेवर शाळेत कसं पाठवायचं

सकाळी पावणेसातला आमच्या घरात एकच जप चालायचा, "आवर ना रे", आणि पोरगा एका पायात मोजा घालून फरशीवरच्या मुंग्या बघत बसलेला. आता कधीच होत नाही असं नाही, पण कमी झालंय.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मुळातच अवघड जाणं. आधी एक डोक्यात पक्कं करा, काय करायचं ते त्याला माहीत असतं, ऐनवेळी ते लक्षात धरून ठेवणं जमत नाही. म्हणून बडबड कमी, आणि गोष्टी डोळ्यासमोर.

सुरुवात आदल्या रात्रीच. दप्तर भरून चपलांच्या रॅकशेजारी, युनिफॉर्म खुर्चीवर घालायच्या क्रमाने, चड्डी सगळ्यात वर. हसू नका, आमची दहा मिनिटं तिथेच वाचली.

सकाळी किचनमधून ओरडायचं नाही. गॅस बारीक करून जवळ जा, खांद्यावर हात ठेवा आणि एकच सांगा, "ब्रश". "ब्रश कर, आंघोळ कर, दूध पी, डायरी घे" यातलं काहीच टिकत नाही. बाथरूमच्या दारावर कामांची चार चित्रं लावा, त्यानेच काढलेली असली तर बेस्ट, आमच्याकडे आंघोळीला डायनासोर आहे.

"पाच मिनिटं राहिली" हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही कारण वेळेचा अंदाजच येत नाही, त्यापेक्षा वाळूचं घड्याळ किंवा टायमर घ्या. शाबासकी लगेच द्या आणि नेमकी, "मोजे स्वतः घातलेस!" महिनाअखेरीला सायकल वगैरे आमिषं आम्ही दाखवून बघितली, महिना म्हणजे त्याच्यासाठी पुढचा जन्म.

सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही, दोन धपाटे दिले की झालं." मी वाद घालणं सोडलं आणि टायमर त्यांच्या हातात दिला, आता तो वाजला की त्याच आधी उठतात.

डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट (एडीएचडीवरचं औषध) दिलं असेल तर गोळीआधी पोटभर नाश्ता द्या, दुपारी भूक मरते त्यामुळे डबा तसाच परत येतो, त्यावरून रागावू नका, संध्याकाळी गोळीचा असर उतरल्यावर वरणभात द्या, पोरं तेव्हा तुटून पडतात. वजन-उंची डॉक्टरांकडे मोजून घेत जा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

एवढं करूनही बस चुकली तर रिक्षाने सोडा, पण रस्ताभर लेक्चर नको. मी तर बसवाल्या काकांनाच सांगून ठेवलंय, दोन मिनिटं थांबतात बिचारे.