वाहतुकीत बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) उसळतात, पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी मरतात: लवंग तेलाने सुटलेला प्रश्न

लक्षण: टाकीत कार्पची (रोहू-कटला वर्गातल्या माशांची) बोटुकली उसळ्या मारतात, खवले निघतात, पाण्यावर फेस येतो. उतरवताना जिवंत, मर मात्र दोन-तीन दिवसांनी.

ऑक्सिजन वाढवला, संख्या निम्मी केली, फरक थोडाच. मासे गुंगीत शांत राहावेत म्हणून लवंग तेल थेट पाण्यात टाकलं तेव्हा तर ते वर तरंगलं आणि तवंगाखालचे मासे उलटे झाले. वैताग आला. चूक तेलाची नव्हती, विरघळवण्याची होती.

जमलेला क्रम असा. आधी 24 तास खाद्य बंद. पोट रिकामं असलं की पाण्यात विषारी अमोनिया कमी साठतो. मग 1 मिली लवंग तेल 9 मिली इथेनॉलमध्ये मिसळून द्रावण करायचं. 100 लिटर पाण्याला हे द्रावण 5 मिली, म्हणजे लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम तेल. बादलीभर पाण्यात जोरात ढवळून मगच टाकीत, आणि मासे त्यानंतर. पहिल्यांदा दहा मासे टाकून 15 मिनिटं बघा.

मासा संथ हवा, पण सरळ पोहणारा. तोल गेला तर मात्रा जास्त झाली: असे मासे तळाशी ढीग करून गुदमरतात. लगेच ताज्या, हवा खेळवलेल्या पाण्यात हलवा. गरम पाण्यात असर लवकर होतो, तेव्हा मात्रा कमीच ठेवा.

खाण्यासाठी लगेच विकायच्या माशांना हे वापरू नका. अनेक देशांत परवानगी नाही.