मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करताय? या चुका टाळा

मुक्त सॉफ्टवेअरला (ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो) हातभार लावायला कोड लिहिता आलाच पाहिजे असं नाही. केडीई आणि ग्नोम (लिनक्सवरचे डेस्कटॉप), लिबरऑफिस, वर्डप्रेस, मीडियाविकी (विकिपीडियामागचं सॉफ्टवेअर) यांचं मराठी भाषांतर मुख्यतः स्वयंसेवक करतात आणि माणसं कायम कमी पडतात. तरीही नव्याने आलेल्यांची बरीच भाषांतरं परत येतात किंवा मंजुरीविना पडून राहतात. मराठी कच्चं असतं म्हणून नव्हे. ते वाक्य चालू प्रोग्रॅममध्ये कसं उमटेल हे पाहिलेलं नसतं म्हणून.

%1 आणि $1 यांचं काय करायचं

केडीईच्या वाक्यांत %1, %2 आणि मीडियाविकीच्या वाक्यांत $1, $2 अशा खुणा असतात. प्रोग्रॅम चालताना तिथे फाइलचं नाव, आकडा किंवा माणसाचं नाव भरलं जातं. खूण गाळली तर माहितीच गायब होते. सर्रास होणारी चूक म्हणजे मराठीच्या ओघात %१ असा देवनागरी आकडा लिहिणं. मग प्रोग्रॅमला ती खूण ओळखूच येत नाही आणि वापरणाऱ्याला पडद्यावर "%१" तसंच दिसतं. खुणेतला आकडा नेहमी मूळ वाक्यातलाच ठेवा.

क्रम मात्र बदलायलाच हवा. "%1 ऑफ %2" याचं मराठी "%2 पैकी %1" होतं, म्हणजे "10 पैकी 3". काही प्रकल्पांत खुणांना क्रमांक नसतात, टक्केचिन्हापुढे फक्त एक अक्षर असतं. तिथे नुसती अदलाबदल केली, तर नावाच्या जागी आकडा जातो आणि कधी प्रोग्रॅमच बंद पडतो. अशा वेळी टक्केचिन्ह आणि अक्षर यांच्यामध्ये 1$, 2$ असे मूळ क्रम सांगणारे आकडे घाला. भाषांतराची फाइल पाठवण्याआधी गेटटेक्स्ट या भाषांतर-साधनाची एमएसजीएफएमटी ही आज्ञा तपासणीच्या पर्यायासह (उणेचिन्ह आणि सी) चालवा. असा घोळ असेल तर ती ओळीचा क्रमांक देऊन सांगते.

खुणेला प्रत्यय चिकटवू नका

मराठीत सगळ्यात जास्त वाक्यं इथेच बिघडतात. प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं, आणि ते प्रोग्रॅमला करता येत नाही. "%1मध्ये बदल केले" असं लिहिलं आणि फाइलचं नाव "अहवाल" असलं, की पडद्यावर येतं "अहवालमध्ये". इंग्रजी नाव असेल तर आणखी विचित्र दिसतं. उपाय सोपा आहे: खुणेनंतर आपलं एक नाम ठेवा आणि प्रत्यय त्याला लावा. "%1 या फाइलमध्ये बदल केले." "%1 ही फाइल उघडता आली नाही."

माणसाच्या नावापुढे लिंगाचीही अडचण येते. "%1 सामील झाला" हे सुनीतासाठी चालत नाही. आदरार्थी "झाले" केलं तरी सुटका नाही, कारण तिथे "झाल्या" हवं. म्हणून वाक्याचा प्रयोगच बदला: "%1 यांनी प्रवेश केला". आता क्रियापद "प्रवेश" या शब्दाशी जुळतं, माणूस कोणीही असो.

अनेकवचनासाठी दोन चौकटी दिसतील. दोन्हींत एकच मजकूर चिकटवू नका. "%1 फाइल हटवली" आणि "%1 फाइली हटवल्या", असं क्रियापदही बदलतं.

शब्द एक, अर्थ तीन

"फ्री" म्हणजे मोफत, मुक्त की डिस्कवरची रिकामी जागा? "सेकंड" म्हणजे दुसरा की सेकंद? "ओपन" हे बटण आहे की तक्रारीची स्थिती? अंदाजाने भरू नका. पीओ फाइलमध्ये (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं असलेली फाइल) वाक्याच्या वर #: ने सुरू होणारी ओळ असते. ते वाक्य कोडच्या कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर आहे ते तिथे लिहिलेलं असतं. तरीही कळलं नाही तर ते वाक्य रिकामं सोडा. रिकाम्या जागी इंग्रजी दिसतं, आणि चुकीच्या मराठीपेक्षा ते बरं.

"फझी" (म्हणजे अंदाजे जुळवलेलं, अजून पक्कं नसलेलं) अशी खूण असलेल्या वाक्यांना विशेष जपा. मूळ मजकूर बदलला, की साधन जुन्यांपैकी सर्वांत मिळतंजुळतं भाषांतर तिथे आणून ठेवतं. "एनेबल" आणि "डिसेबल" ही इंग्रजीत दोन-तीन अक्षरांच्या फरकाची जोडी आहे. न वाचता खूण काढली, तर "सूचना बंद करा" च्या जागी "सूचना सुरू करा" जातं.

दिसायला सारखं, आतून वेगळं

"ॲप" मधला ॲ युनिकोडमध्ये 0972 या क्रमांकावर एकसंध अक्षर आहे. 2008 साली 5.1 आवृत्तीत तो आला. अनेक जण अजून अ आणि चंद्र जोडून "अॅप" लिहितात. नजरेला फरक कळत नाही, पण एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. "करणाऱ्या" मधल्या ऱ्य चंही तेच: कोणी 0931 चा ऱ वापरतो, कोणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. ॲ आणि ऱ ही अक्षरं थेट वापरा. प्रकल्पाचं आधीचं भाषांतर दुसऱ्या पद्धतीचं असेल, तर आधी गटाशी बोला.

एका रात्रीत चारशे वाक्यं

यंत्रभाषांतर न वाचता ढिगाने पाठवणं हा मदतीचा सर्वांत महागडा प्रकार. पाठवायला दहा मिनिटं लागतात, तपासणाऱ्याचे चार रविवार जातात. पहिल्या खेपेला वीस-पंचवीस वाक्यं पाठवा. त्यावरच्या सूचना वाचा आणि मग पुढे जा. गटाची शब्दयादी आधी उघडा. "फाइल" की "फाईल", "सेव्ह" की "जतन", हा वाद तिथे बहुधा मिटलेला असतो. तुमचा शब्द जास्त चांगला असला, तरी एकाच मेनूत दोन शब्द नकोत.

ग्नोममध्ये काम सुरू करण्याआधी तो विभाग स्वतःच्या नावे राखून ठेवा, नाहीतर दोघे तेच करत बसतात. प्रकल्प वेबलेटवर (ब्राउझरमध्ये भाषांतर करायची जागा) असेल तर पीओ फाइल परस्पर गिटमधून (कोडमधले बदल साठवायचं साधन) पाठवू नका. दोन्हीकडचे बदल एकमेकांवर आदळतात. उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबा आणि एकदाच आठवण करा.

मंजूर झालं, पण दिसत नाही?

आधी तुमची आवृत्ती पाहा. आजचं भाषांतर बहुधा पुढच्या आवृत्तीत येतं. ग्नोमच्या मुख्य आवृत्त्या वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास निघतात. मग त्या वाक्यावर "फझी" खूण राहिली आहे का ते बघा. दोन्ही ठीक असेल आणि पडद्यावर इंग्रजीत दिसणारं वाक्य पीओ फाइलमध्ये शोधूनही सापडत नसेल, तर बहुधा कोडमध्ये ते भाषांतरासाठी खूण करायचं राहून गेलं आहे. तसा बग नोंदवा. सोबत पडद्याचं चित्र, आवृत्ती क्रमांक आणि मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं द्या.