थेरपीच्या सत्रात मेंदूविज्ञान वापरताय? या चुका टाळा

‘तुमचा अमिग्डाला पेटलाय’ असं सांगितल्यावर क्लायंट मान डोलावतो, पण सत्र तिथेच थांबतं. मेंदूबद्दलच्या माहितीने थेरपिस्टच्या पुढच्या कृतीत फरक पडत नसेल, तर ती निव्वळ सजावट. त्यात अमिग्डाला (मेंदूतला भावनांशी जोडलेला छोटा भाग) म्हणजे ‘भीतीचं केंद्र’ही नव्हे, नव्या आणि सुखद गोष्टींनाही तो प्रतिसाद देतो. मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांची ‘तीन थरांचा मेंदू’ (तळाशी सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू, त्यावर नवे थर) ही कल्पना तर उत्क्रांतीच्या अभ्यासात टिकलेली नाही. ती चित्रातही नको.

सगळ्यात महागात पडते ती एक्स्पोजरमधली, म्हणजे भीतीच्या गोष्टीला ठरवून सामोरं जाण्याच्या उपचारातली चूक. लिफ्टची भीती गेली म्हणून फाइल बंद केली आणि महिन्याभराने ती परत आली. उपचार फसला असं नाही. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्याशेजारी ‘इथे धोका नाही’ अशी नवी आठवण तयार होते. शमलेला प्रतिसाद काही काळाने पुन्हा डोकं वर काढतो, हे कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या पाव्हलॉव्हलाही दिसलं होतं. शिवाय ही नवी आठवण जागेला चिकटलेली असते, दुसऱ्या जागी ती सहज जागी होत नाही.

म्हणून आधी भाकीत लिहून घ्या: ‘लिफ्टमध्ये 5 मिनिटं थांबलो तर बेशुद्ध पडेन, खात्री 80 टक्के.’ ‘मला भीती वाटेल’ हे भाकीत चालत नाही, कारण ते खरंच ठरतं. सुरू होण्याआधी धीर देऊन ती खात्री 20 वर आणू नका (हा मोह भल्याभल्यांना होतो). अंदाज चुकल्याचा धक्काच शिकवतो. पाण्याची बाटली, फोनवर चालू ठेवलेला कॉल, खिशातली गोळी या कुबड्या हळूहळू काढा. गोळीबाबत लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोला. मग लिफ्ट बदला, वेळ बदला, एकट्याने जाऊ द्या. बाहेर आल्यावर विचारा: काय होईल वाटलं होतं, काय झालं?

शांत होण्यासाठी दिलेल्या संथ श्वासाच्या व्यायामाने चक्कर आली, तर क्लायंट बहुधा खोल श्वास ओढतोय; त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वास मोठा नको, सावकाश हवा: नाकाने 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर. एक्स्पोजर चालू असताना मात्र हा व्यायाम नको, तीही कुबडीच होते.

‘मेंदूतच बिघाड आहे’ या स्पष्टीकरणाने अपराधीपणा कमी होतो, पण बरं होण्याची आशाही खचू शकते. समजावून झाल्यावर क्लायंटला तेच स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. ‘म्हणजे माझा मेंदू असाच’ असं उत्तर आलं, तर त्याच सत्रात त्याच्या भाकितांची वही उघडा आणि 80 चे आकडे कुठे उतरले ते दाखवा.