हॅरी पॉटरचा संग्रह: आधी कॉपीराइटचं पान उघडा

जुनी हॅरी पॉटर विकत घेताना मुखपृष्ठावर भाळू नका, आतलं कॉपीराइटचं पान उघडा. ब्लूम्सबरी या ब्रिटिश प्रकाशकाच्या पुस्तकांत तिथे अंकांची ओळ असते: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. त्यातला सर्वांत लहान अंक म्हणजे कितवं मुद्रण. १ असेल तर पहिलं, ओळ ३ वर थांबली असेल तर तिसरं. प्रथम प्रकाशनाचं वर्ष पुढच्या मुद्रणांतही तसंच छापतात, त्यामुळे नुसतं '१९९७' दाखवून कोणी भाव सांगत असेल तर पुस्तक परत ठेवा.

२६ जून १९९७ ला आलेल्या पहिल्या भागाच्या ('फिलॉसॉफर्स स्टोन') हार्डकव्हर प्रती फक्त ५०० छापल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच ग्रंथालयांत गेल्या. ओळखायच्या खुणा अशा: कॉपीराइट 'जोआन रोलिंग' या पूर्ण नावाने, पान ५३ वरच्या सामानाच्या यादीत 'एक छडी' दोनदा, मागच्या बाजूला 'फिलॉसॉफर्स'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा ओ गाळलेला. चित्र थेट पुठ्ठ्यावर छापलेलं होतं, सुटं जॅकेट नव्हतंच. सगळ्या खुणा एकत्र जुळायला हव्यात. पान ५३ ची चूक पहिल्या पेपरबॅकमध्येही आहे, त्यामुळे नुसत्या त्या फोटोवर सौदा करू नये.

तिसऱ्या भागाच्या (१९९९) सुरुवातीच्या प्रतींतही 'जोआन रोलिंग' आहे आणि पान ७ वरच्या ओळी घसरल्या आहेत. 'टेड स्मार्ट' हे नाव कुठे दिसलं तर ती सवलतीत विकण्यासाठी काढलेली वेगळी आवृत्ती. दिसायला हुबेहूब, किंमत बरीच कमी. स्कोलास्टिक या अमेरिकन प्रकाशकाच्या हार्डकव्हरमध्ये जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत बघा. छापलेलीच नसेल तर ती बहुधा बुक क्लबची, म्हणजे सभासदांना स्वस्तात विकलेली प्रत; घडीचा कोपरा कापलेला असेल तर किंमत मुद्दाम काढलेली असते. आणि सातव्या भागाच्या पहिल्या मुद्रणासाठी जास्त पैसे मोजू नका. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती निघाल्या.

मराठी वाचकाने मंजुल प्रकाशनाचं 'हॅरी पॉटर आणि परीस' आणि पुढचे भाग जरूर मिळवावेत. त्याला हिंदी आवृत्तीची जोड द्या, जमलं तर लॅटिन (२००३) आणि प्राचीन ग्रीक (२००४) अनुवादांचीही. आमच्या मते भाषांचा असा संग्रह महागड्या पहिल्या प्रतीपेक्षा जास्त रंगतो. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात शोधताना पायरेटेड प्रती टाळा. अक्षरं फिकी, कागद पातळ, चित्रांच्या कडा धूसर, उघडताच कण्याजवळचा डिंक तडकतो. पानं मोजून घ्या, मधली गायब असतात.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. पुठ्ठ्यावरचं लॅमिनेशन कडांपासून सुटायला लागतं. ते चिकटवायला जाऊ नका, डिंकाचा डाग कायम राहतो. पुस्तकं उभी, एकमेकांना टेकलेली पण दाबून न भरलेली, भिंतीपासून चार बोटं पुढे. जॅकेटवर पॉलिएस्टरचं कव्हर घाला, पीव्हीसीचं नको, ते कालांतराने चिकट होतं. काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखा. डांबरगोळ्या नकोतच: वास कागदातून जात नाही आणि प्लॅस्टिकच्या वस्तू मऊ पडतात. कसर लागली तर पुस्तक पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर थंड पानांवर दव धरतं.

वस्तूंमध्ये सुरुवात तिकिटांपासून करा: ब्रिटनच्या रॉयल मेलने २००७ मध्ये सात मुखपृष्ठांची सात तिकिटं काढली. संच चिमट्यानेच उचला, बोटांच्या तेलाने मागचा गोंद खराब होतो. रेझिनच्या छड्या मूळ खोक्यात आडव्या ठेवा. उभ्या टेकवल्या तर उन्हाळ्यात वाकतात. लेगोचे संच थेट उन्हापासून लांब, कारण पांढरे आणि राखाडी तुकडे आधी पिवळे पडतात. खोकं आणि सूचना-पुस्तिका कधीच फेकू नका, विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं.