चिनी साहित्यावर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

इंग्रजी अनुवादातून चिनी साहित्य वाचण्यात काही कमीपणा नाही. आपल्याकडे या विषयाकडे वळणाऱ्या बहुतेकांची सुरुवात तशीच होते. गाडी अडते ती पुढे. हातातलं पुस्तक नेमकं कुठलं, ते कधी छापलं, त्यातलं कुणी काय गाळलं, कुणी काय जोडलं, याची चौकशी न करताच विद्यार्थी थेट 'चिनी मानसिकता' किंवा 'चिनी कुटुंबव्यवस्था' यांवर बोलू लागतो. मसुदे वाचताना सर्वांत जास्त वाईट वाटतं ते इथे, कारण मेहनत खरी असते आणि ती भलत्याच पायावर उभी असते.

शेवट कुणी लिहिला, ते न पाहणं

लाओ श यांची रिक्षावाल्याची कादंबरी घ्या. श्यांगत्झ हा तिचा नायक. बीजिंगच्या रस्त्यांवर तो माणसाने ओढायची रिक्षा ओढतो आणि स्वतःच्या मालकीची रिक्षा व्हावी म्हणून हाडांची काडं करतो. १९३६-३७मध्ये ही कादंबरी नियतकालिकातून क्रमशः आली. १९४५मध्ये अमेरिकेत तिचा पहिला इंग्रजी अनुवाद निघाला, अनुवादक इव्हान किंग. पुस्तक धडाक्यात खपलं. त्या अनुवादात शेवटी श्यांगत्झ श्याओ फूत्झ या मुलीला सोडवतो आणि दोघं सुटतात.

लाओ श यांनी असं काही लिहिलेलंच नाही. मूळ कादंबरीत श्याओ फूत्झ कुंटणखान्यातून निसटते आणि झाडाला गळफास घेते. श्यांगत्झ पुरता ढासळतो. पैशासाठी एका ओळखीच्या माणसाला पकडून देतो आणि शेवटी लग्नाच्या नि अंत्ययात्रेच्या मिरवणुकांत निशाणं धरून, रस्त्यावरची सिगारेटची थोटकं वेचत दिवस काढतो. पुढे १९५५मध्ये चीनमध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा लाओ श यांनी स्वतःच शेवटचं प्रकरण आणि त्याआधीच्या प्रकरणाचा उत्तरार्ध काढून टाकला. म्हणजे एकाच कादंबरीचे तीन शेवट फिरताहेत. त्यातला एक अनुवादकाचा, आणि एक लेखकाचाच, पण बदललेल्या, कम्युनिस्ट राजवटीत केलेला.

आता कुणी १९४५चा अनुवाद हाती धरून 'चिनी श्रमिकाचा दुर्दम्य आशावाद' असं प्रकरण लिहिलं, तर तो आशावाद लाओ श यांचा नव्हे, इव्हान किंग यांचा ठरतो. तपासायला अवघड काही नाही. मूळ कादंबरीत २४ प्रकरणं आहेत. तुमच्या प्रतीतली प्रकरणं मोजा, अनुवादकाचं मनोगत वाचा, आणि तो कुठल्या साली छापलेल्या चिनी प्रतीवरून काम करतोय हे टिपून ठेवा. मनोगतात तसा उल्लेखच नसेल, तर दुसरा अनुवाद शेजारी ठेवून निदान शेवटची दोन प्रकरणं ताडून पाहा.

'लाल महालाचं स्वप्न' या अठराव्या शतकातल्या कादंबरीबाबत हाच घोळ आणखी मोठ्या प्रमाणावर होतो. त्साओ श्युएछिन यांच्या हयातीत ती हस्तलिखितांतून फिरत होती आणि जुन्या हस्तलिखितांत ८० प्रकरणांपर्यंतच मजकूर आहे. १२० प्रकरणांची छापील प्रत निघाली १७९१मध्ये, लेखक गेल्यानंतर जवळपास तीन दशकांनी. छंग वेइयुआन आणि गाओ अ यांनी ती सिद्ध केली. शेवटच्या ४० प्रकरणांचं कर्तृत्व आजही वादाचा विषय आहे. नायक बाओयू परीक्षा पास होतो आणि मग संसार सोडून भिक्षूंबरोबर निघून जातो, हे सगळं त्या ४० प्रकरणांत आहे. 'कादंबरीची बौद्ध परिणती' यावर लिहायचं असेल, तर हा वाद टाळून चालणार नाही.

समकालीन साहित्यात तरी ही भानगड नसेल, असं वाटतं. पण ल्यू त्सशिन यांच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या विज्ञानकादंबरीचा इंग्रजी अनुवाद माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीतल्या हिंसेने सुरू होतो. चिनी पुस्तकात तोच भाग मध्यावर होता. सेन्सॉरच्या नजरेत येऊ नये म्हणून तो तिथे सरकवलेला होता, आणि अनुवादक केन ल्यू यांनी लेखकाच्या संमतीने तो पुढे आणला. तेव्हा 'कादंबरीची सुरुवातच सांस्कृतिक क्रांतीने होते' हे वाक्य लिहिण्याआधी 'कुठल्या भाषेत?' एवढं स्वतःला विचारा.

भाषेचे दोन थर एकच समजणं

लू शुन यांची 'वेड्याची रोजनिशी' १९१८मध्ये प्रसिद्ध झाली. आधुनिक चिनी कथेचा आरंभ म्हणून ती जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात असते. माणसं माणसं खातात, असा संशय घेतलेल्या एका माणसाची ही टिपणं, आणि शेवटी 'मुलांना वाचवा' अशी हाक. बहुतेक निबंध या हाकेपाशी थांबतात.

पण रोजनिशीच्या आधी एक छोटी प्रस्तावना आहे. ती जुन्या अभिजात चिनीत आहे, तर रोजनिशी बोलीच्या जवळच्या भाषेत. प्रस्तावनेत वेड्याचा थोरला भाऊ सांगतो, की धाकटा केव्हाच बरा झाला आणि सरकारी नेमणुकीसाठी दुसरीकडे गेलाय. म्हणजे ज्याला सगळं दिसलं, तो 'बरा' होऊन त्याच व्यवस्थेत रुजू व्हायला निघाला! हे आपल्याला कळतं ते सुशिक्षित, सभ्य, जुन्या भाषेत. इंग्रजीत दोन्ही भाग बहुधा एकाच सुरात येतात आणि कथेतला हा घाव बोथट होतो. मूळ चिनी येत नसलं तरी प्रस्तावनेकडे लक्ष देता येतं. तिच्याविना केलेलं या कथेचं विवेचन अर्धवटच म्हणायला हवं.

याच कथेवरून आणखी एक सवय पडून गेली आहे. अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी १९८६च्या लेखात तिसऱ्या जगातल्या साहित्यकृती राष्ट्राचं रूपक असतात असं मांडलं आणि मुख्य उदाहरण म्हणून हीच कथा घेतली. उर्दू साहित्याचे जाणकार एजाज अहमद यांनी पुढच्याच वर्षी त्याला सडेतोड उत्तर दिलं. आपले विद्यार्थी जेमसन उद्धृत करतात आणि अहमद यांना विसरतात, याचं मला खरंच नवल वाटतं. दोघांनाही वाचा, आणि मग कथेत राष्ट्राखेरीज आणखी काय आहे ते बघा. भाऊ आहे, मेलेली लहान बहीण आहे, जेवणाचं ताट आहे.

'सुन वुखोंग म्हणजे आपला हनुमान' असं लिहून मोकळं होणं

भारतीय विद्यार्थ्याला हा मोह हमखास होतो. 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीत भिक्षूबरोबर भारताकडे निघालेलं सुन वुखोंग हे पराक्रमी वानर दिसलं, की तुलनात्मक प्रकरण तयार! साम्य आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण साम्य दिसणं वेगळं आणि प्रभाव सिद्ध करणं वेगळं.

हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. चिनी विद्वान हू श यांनी १९२३मध्ये हनुमानाचा माग सुचवला. लू शुन यांनी उलट थांग राजघराण्याच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) एका कथेतल्या वानररूपी जलदैत्याकडे बोट दाखवलं. वाल्मीकी रामायण चिनीत आणणारे जी श्येनलिन भारतीय प्रभावाच्या बाजूचे. चिनी साहित्याचे अमेरिकन अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी १९८९मध्ये या साऱ्या वादाचा सविस्तर आढावा घेतला. तुमचं प्रकरण तिथून पुढे सुरू व्हायला हवं.

खरी गंमत पुराव्यात आहे. संपूर्ण वाल्मीकी रामायण चिनीत आलं ते १९८०च्या दशकात. त्याआधी बौद्ध ग्रंथांतून दोन तुटक कथा पोचल्या होत्या. तिसऱ्या शतकातल्या एका जातकात राज्य सोडून वनात गेलेला राजा, पळवून नेलेली राणी आणि मदतीला आलेली वानरं आहेत, पण राम-सीता-हनुमान ही नावं नाहीत. ४७२च्या सुमारास अनुवादित झालेल्या दुसऱ्या कथेत दशरथ आणि त्याचे मुलगे आहेत, पण सीताही नाही आणि वानरंही नाहीत. मग हनुमान गेला असेल तर कोणत्या वाटेने? तोंडी कथांतून, शिल्पांतून, की दक्षिणेच्या समुद्रमार्गाने? या प्रश्नावर काम करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि संस्कृत-पाली जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाला त्यात आयती आघाडी मिळते. पुण्याच्या पु. वि. बापटांनी चिनीतच पूर्ण उरलेला 'विमुत्तिमग्ग' आणि पाली 'विसुद्धिमग्ग' हे दोन बौद्ध ग्रंथ शेजारी ठेवून १९३७मध्ये तुलनात्मक ग्रंथ छापला होता. ओळ न् ओळ ताडून पाहण्याची ती शिस्त आजही आदर्श आहे.

त्याचबरोबर कादंबरीतला भिक्षू आणि आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग यांची गल्लत नको. सातव्या शतकातला खरा प्रवासी महाराष्ट्रात येऊन गेला. दुसऱ्या पुलकेशीबद्दल आणि इथल्या उपकार स्मरणाऱ्या, अपमान न गिळणाऱ्या लोकांबद्दल त्याच्या प्रवासवर्णनात आहे. कादंबरी सोळाव्या शतकातली. तिची सर्वांत जुनी पूर्ण प्रत १५९२ची. तिच्यातला 'पश्चिम स्वर्ग' वाचून भारताची माहिती मिळत नाही. शिवाय तुमच्याकडे आर्थर वेली यांचं 'मंकी' असेल, तर १०० पैकी ३० प्रकरणंच तुम्ही वाचली आहेत. पूर्ण अनुवाद अँथनी यू यांचा, चार खंडांत.

चिनी भाषेतलं म्हणजे चीनमधलं?

गाओ शिंगज्येन यांना २०००मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा ते फ्रेंच नागरिक होते. ली योंगपिंग आजच्या मलेशियातल्या सारावाकमधल्या कुचिंगचे, लिहीत राहिले तैवानमध्ये. स्यामान रापोंगान तैवानच्या ऑर्किड बेटावरच्या ताओ या आदिवासी समाजातले, ते समुद्राबद्दल चिनीत लिहितात. या सगळ्यांना 'चिनी संस्कृतीचे प्रतिनिधी' म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. अभ्यासक शू-मेइ शी यांनी 'सायनोफोन' (चिनीभाषी) ही संज्ञा याच अडचणीतून पुढे आणली. प्रबंधाच्या शीर्षकातच 'चीनमधील' की 'चिनी भाषेतील' हे ठरवून टाका, पुढची निम्मी गोंधळाची वाक्यं आपोआप गळतील.

साहित्याच्या इतिहासाचंही तसंच. सी. टी. शिया यांच्या आधुनिक चिनी कादंबरीवरच्या १९६१च्या ग्रंथाने जांग आयलिंग, शेन त्सोंगवेन, छियेन जोंगशू यांना मानाचं पान दिलं. त्या काळातल्या चीनमधल्या इतिहासांत त्यांना जवळपास जागाच नव्हती. एकच इतिहास वाचून 'महत्त्वाचे लेखक' ठरवू नका.

नावं आणि पानं

आडनाव आधी येतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी टोपणनावं तोडली जातात. 'लू शुन', 'बा जिन', 'मो यान' ही सबंध टोपणनावं आहेत. संदर्भात नुसतं 'शुन' किंवा 'यान' लिहू नका. रोमन लिपीतल्या चिनी नावांतला 'एक्स' साधारण 'श', 'क्यू' म्हणजे 'छ' आणि 'सी' म्हणजे 'त्स', म्हणून त्साओला 'काओ' करू नका. ग्रंथालयाच्या सूचीत लेखक सापडत नसेल, तर जुन्या रोमन लेखनपद्धतीने पुन्हा शोधा. जुनी पुस्तकं बीजिंगला पेकिंग म्हणायची त्या काळातली असतात.

लू शुन यांच्या समग्र साहित्याची १९८१ची आवृत्ती १६ खंडांची आहे, २००५ची १८ खंडांची. तुमचा पृष्ठ क्रमांक मार्गदर्शकांच्या प्रतीत सापडत नसेल, तर आधी दोघांच्या प्रतींवरचं साल बघा. आणि चिनी मजकूर संकेतस्थळावरून उचलला असेल, तर पान न देता निदान कथेचं नाव आणि परिच्छेदाचा क्रमांक द्या.