जुन्या ट्रॅक्टरसाठी पंख्याचा लोड टेस्टर बनवताय? या चुका टाळा

जुनं इंजिन बोअर करून, नवे लायनर-रिंगा टाकून बांधलं की खरा प्रश्न पुढे येतो: याला लोड द्यायचा कुठून? नाशिककडे द्राक्षबागेच्या ओळींत नांगर घालायची सोय नाही. नुसतं रिकामं चालवत ठेवलं तर रिंगा बसत नाहीत, लायनर आरशासारखे गुळगुळीत होतात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. म्हणून पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याच्या जोरावर पाती फिरवून हवा घुसळायची. खर्च कमी, पाण्याची भानगड नाही. फसगत होते ती हिशेबात.

माझीही झाली. २० सेंमी चौरस, ५ मिमी जाडीच्या चार पाट्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर लावल्या आणि ५४० आरपीएमच्या पीटीओला थेट जोडल्या. इंजिनाला पत्ताच नाही! हिशेब मांडला तर चौघी मिळून जेमतेम तीन एचपी खात होत्या. मग पुली बदलून पंख्याचा वेग दुप्पट केला. वाटलं, लोड दुप्पट होईल. पंचवीस एचपीच्या ट्रॅक्टरने काळा धूर ओकला आणि आरपीएम खाली बसला. पंख्याचा लोड वेगाच्या घनाने वाढतो: वेग दुप्पट, तर लोड आठपट. ५४० वरून ६०० वर गेलात तरी लोड ३७ टक्क्यांनी चढतो. म्हणून रेस जपून, आणि टॅकोमीटर पंख्याच्या शाफ्टवरच धरा. पट्टा घसरत असेल तर इंजिनाचा आकडा खोटं सांगतो.

लोड कमी-जास्त करायला पाट्या आत-बाहेर सरकवता येतील अशी भोकं आधीच पाडून ठेवा. तीच पाटी ४० सेंमीवरून ५० वर नेली, तरी त्याच आरपीएमला लोड जवळपास दुप्पट होतो. इंजिन गव्हर्नरच्या (वेग ठरल्या आकड्यावर राखणाऱ्या भागाच्या) आरपीएमला पोचतच नसेल तर पाट्या आत घ्या. पोचूनही धुरात, तापमानात काही फरक पडत नसेल तर बाहेर.

आता जिवाची गोष्ट. वर सांगितलेली एक पाटी दीड किलोची. १०८० आरपीएमला ती साधारण एक टनाच्या जोराने बाहेर ओढली जाते. भंगारातली बिडाची पुली हब म्हणून वापरणं, नुसत्या टाचणीच्या (ठिपक्याठिपक्यांच्या) वेल्डवर विसंबणं, साधे नट लावून मोकळं होणं, हे सगळं मी पाहिलंय. आरपार बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे) नटच लावा. समोरासमोरच्या पाट्या वजनकाट्यावर जुळवून घ्या. १०० ग्रॅमच्या फरकानेही शाफ्टवर ६५ किलोचा फिरता ओढा येतो आणि बेअरिंग आठवड्यात वाजू लागतं. जाळी हात आणि उपरणं अडवते, सुटलेली पाटी अडवेलच असं नाही. पाती ज्या रेषेत फिरतात त्या रेषेत कुणालाही उभं करू नका. पोरं तर हमखास तिथेच येऊन उभी राहतात.

पंखा पत्र्याने चौफेर झाकू नका, बंद शेडमध्येही ठेवू नका. आतली हवाच पात्यांबरोबर फिरू लागते आणि लोड गळतो. बंद करताना रेस हळूहळू उतरवा. एकदम तोडलीत तर फिरता पंखा उलट इंजिनालाच ढकलतो. मध्ये फ्रीव्हील (एकाच दिशेने जोर पोचवणारी जोडणी) असेल तर उत्तम.

शेवटचं, पुस्तकातले एचपीचे आकडे. ते बहुतेक समुद्रसपाटीच्या हवेचे असतात. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, इथली हवा सहा-सात टक्के विरळ. त्यात निफाडच्या डिसेंबरच्या १० अंशांच्या सकाळी आणि एप्रिलच्या ४० अंशांच्या दुपारी तोच पंखा त्याच आरपीएमला दहा टक्के वेगळा लोड देतो. त्यामुळे आमच्या वहीत आरपीएमशेजारी तापमानाचाही रकाना आहे.