निपाणीतल्या जुन्या तंबाखू वखारीत ऑफिस थाटायचं असेल तर

वखार घेतलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "ही भिंत काढली तर चालेल का?" मी आधी त्याला रॉटरडॅमच्या व्हान नेले कारखान्याचे फोटो दाखवतो. ब्रिंकमन आणि व्हान डेर फ्लुख्त या वास्तुविशारद जोडीचं हे काम, १९२५ ते १९३१ मधलं. कॉफी, चहा आणि आपल्यासारखीच तंबाखू. तिथं सगळा भार छत्रीसारखे माथे पसरलेले काँक्रीटचे खांब पेलतात. बाहेरच्या भिंतीवर वजनच नाही, म्हणून ती काचेची करता आली.

आपल्या वखारींत बहुधा उलट असतं. म्हणून शिडी लावून वर चढा आणि कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, कुठं टेकल्यात ते बघा. भिंतीवर टेकल्या असतील तर त्या भिंतीला हात लावायचा नाही. भेग दिसली तर तिच्यावर प्लास्टरची आडवी पट्टी मारून तारीख लिहा आणि पावसाळाभर लक्ष ठेवा. पट्टी तडकली तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, ऑफिस नंतर.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. त्या कारखान्यात उत्पादन थांबलं आणि ऑफिसं आली, तेव्हा एकेरी काचेमुळे थंडी, ऊन, आवाज हे प्रश्न होतेच. तरी जुनी काचभिंत त्यांनी ठेवली आणि आत अंतर सोडून दुसरी काचभिंत उभी केली. २०१४ साली तो कारखाना जागतिक वारसा यादीत गेला.

इथंही तसंच करा. केबिन, एसी, फॉल्स सिलिंग, सगळं स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर घ्या. जुन्या भिंतीपासून निदान वीतभर लांब, म्हणजे झाडू फिरतो आणि ओल दिसते. जोड नट-बोल्टचे ठेवा, उद्या काढता आले पाहिजेत. माळा करायचा असेल तर त्याच्या खांबांना वेगळा पाया द्या, तोही जुन्या पायापासून दूर.

भिंत चुन्याची असेल तर गिलावाही चुन्याचाच. मुरलेलं पाणी चुन्यातून सुकून जातं; सिमेंट मारलं की ते आत कोंडतं आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा फुगतो. स्वस्तात करतो म्हणणाऱ्या गवंड्याचं इथं अजिबात ऐकू नका.

उजेडासाठी लगेच खिडकी फोडू नका, आधी मधली काही कौलं काढून काचेची बसवून बघा. वायरिंग उघड्या पाइपातून सांगाड्यावरूनच न्या, भिंतीत झिरी मारू नका.